मावशीच्या खिडकीतल्या वड्या

हिवाळ्यात मावशी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि बाहेरच्या दांडीला टांगलेल्या वडीवर उजव्या हाताचा अंगठा दाबायची. वडी म्हणजे चरबीत दाणे घालून साच्यात ओतलेला, मुठीत मावेल एवढा पांढुरका दांडका. ठसा सहज उमटला तर दिवस नरम. अर्धवट उमटला तर थंडी. मुळीच उमटला नाही, तर त्या दिवशी पाखरांना एकाऐवजी दोन वड्या. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ती ऐकायची, पण नंतर, चहा पिता पिता, आणि बहुतेक वेळा "आत्ता कळलं होय यांना" म्हणत बंद करायची.

त्या अंगठ्याने एकतीस वर्षं मेणबत्त्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. मावशी एकोणीस वर्षांची असताना तिथल्या ओतकामाच्या खात्यात लागली. पत्र्याच्या नळकांड्यांची पट्टी असायची, प्रत्येक नळकांड्यात वात ताणून बसवायची, वरून वितळलेलं मेण ओतायचं, निवू द्यायचं, काढायचं, पुन्हा वात. वात नेमकी मध्ये नसली तर मेणबत्ती एका अंगाने ओघळते. मावशीची वात कधी ढळली नाही. सोबतच्या बायका तिला ओळंबा म्हणायच्या. ते नाव आईने घरी आणलं आणि चिडली की वापरायला सुरुवात केली. "आमच्या ओळंब्याला सगळं सरळ लागतं," असं म्हटलं की समजायचं, दोघी बहिणींचं आज वाजलं आहे.

आई तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. मावशीच्या लग्नाचा विषय निघाला की आई म्हणायची, जमलं नाही. मावशी म्हणायची, जमवलं नाही. 

कारखान्यात यंत्र आलं आणि हाताने ओतायचं काम बंद झालं. मावशीला काही वर्षं तपासणीला बसवलं. तयार मेणबत्त्या पट्ट्यावरून पुढे सरकायच्या आणि तिने वाकड्या असतील त्या बाजूला काढायच्या. यंत्राच्या मेणबत्त्या वाकड्या नसायच्याच. ती म्हणायची, पगार मिळतो म्हणून बघत बसायचं, नाहीतर त्या माझ्याकडे बघतायत की मी त्यांच्याकडे, हेच कळेना. निरोपाच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिने भांडारातून आणखी तीन गोष्टी मागून घेतल्या. बारा नळकांड्यांची एक जुनी पट्टी, मेणाने भरलेले दोन डबे आणि तसलेच पाच रिकामे. पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, सगळे सारखे. मेण दिवे गेल्यावर मेणबत्त्या करायला. रिकामे डबे कशाला, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या पहिल्या हिवाळ्यात ती सवयीने पाचला उठायची आणि मग उजाडेपर्यंत काय करायचं ते तिला कळायचं नाही. एका सकाळी खिडकीवर टकटक ऐकू आली. एक छोटं पाखरू काचेभोवतीची पुट्टी टोचत होतं. काळं डोकं, गाल पांढरे, छातीवर मधोमध काळा पट्टा, टाय लावल्यासारखा. पुट्टीत थोडं तेल असतं, तेवढ्यासाठी. मावशी मला सांगायची, "पोटात किती आग पडली असेल, खिडकी खायला निघालं."

तिने त्याच दिवशी तव्यावरची उरलेली चरबी बशीत काढून ठेवली. खाटकाने दुसऱ्या दिवशी तिची चूक दाखवली. तव्यावरच्या चरबीत मीठ असतं, मीठ पाखरांना मारतं. मावशी तशीच घरी गेली, बशी घासली, आणि नंतर पुन्हा खाटकाकडे जाऊन कच्ची चरबी मागितली. तो म्हणाला, एवढी कशाला, मेणबत्त्या करताय का? ती म्हणाली, तसंच काहीतरी.

आणि ते खरंच तसंच होतं. चरबीचे तुकडे पाण्यात घालून अगदी मंद आचेवर ठेवायचे. वितळली की जुन्या सुती कापडातून गाळायची, निवली की वरचा पांढरा थर उचलून डब्यात भरायचा. असे डबे भरून ठेवायचे. लागेल तेव्हा एक वाटी चरबी वितळवून तिच्यात दोन वाट्या दाणे घालायचे. बाजरी, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाण्यांचा जाडसर कूट. नळकांड्यात वातीऐवजी सुतळी, खालच्या टोकाला दोन गाठी. ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी नळकांडं दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची, तेव्हा कुठे वडी कुरकुर करत सुटायची. मावशीच्या वड्या दिसायला ओबडधोबड असायच्या. कुठे दाणा बाहेर, कुठे खळगा. पण सुतळी बरोबर मध्ये.

शाळेत असताना हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. माझं काम सुतळीला गाठी मारण्याचं. मावशी त्या ओढून बघायची आणि दहातल्या चार परत करायची. "ही सैल. ही पण सैल. या गाठीवर जीव टांगायचाय गं, बुटाची नाडी नाही ही."

पाखरांच्या तिने पाळ्या लावल्या होत्या. उजाडताच येणारी पहिली पाळी, त्यात टायवाला आणि त्याचं गणगोत. नऊनंतर चिमण्यांची दुसरी पाळी, आरडाओरडा करणारी, "यांची युनियन आहे." अंधार पडायच्या आधी अर्धा तास तिसरी पाळी, सगळेच, घाईघाईने. ही शेवटची तिला सगळ्यांत महत्त्वाची वाटायची. एवढ्याशा जिवाच्या अंगावर एका रात्रीपुरतंच काय ते असतं, ती सांगायची. संध्याकाळी पोट भरलं तर सकाळ दिसते. म्हणून तिचा एकच नियम होता. पहिलं दहिवर गोठलं की सुरू करायचं आणि झाडांना कोंब येईपर्यंत एक दिवसही खाडा करायचा नाही. सुरू केलं नसतं तर पाखरं दुसरीकडे गेली असती. एकदा सवय लावली की ती याच खिडकीशी येतात, आणि खिडकी रिकामी असली तर तेवढा दिवस त्यांचा फुकट जातो. त्यांच्याजवळ फुकट घालवायला दिवस नसतो.

खाली तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळवाले काका वर तोंड करून ओरडायचे, "बाई, तुमच्या पाहुण्यांनी माझी पाटी रंगवली."

"बरं झालं," मावशी वरून म्हणायची. "किती वर्षं रंग नव्हता तिला."

अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी खुबा आला.

खुब्याचं दुखणं खरं तर जुनंच होतं. एकतीस वर्षं सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून झिजलेलं हाड. इस्पितळाने शस्त्रक्रियेची तारीख दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा ती ऐन थंडीत पडली. मावशीने दोन्ही वेळा नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं तेव्हा तिने खरं तेच सांगितलं. आईला ते कळलं तेव्हा ती दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी भांडायलाच गेली. मी सोबत होते.

"ताई, पाखरांना काय तुझा पत्ता पाठ आहे?"

"आहे. तुझ्यापेक्षा जास्त वेळा येतात."

"मला टोमणे नकोत. तुला जिना चढवत नाही. मागच्या आठवड्यात खालच्या काकांनी तुझी पिशवी वर आणून दिली, मला सगळं कळतं."

"ते आपणहून आणतात. त्यांना वर येऊन चहा प्यायचा असतो."

"आता तिसरी तारीख आलीये. ही पण घालव. मग बस पांगळी होऊन पाखरांना गोष्टी सांगत."

 मावशीने खुर्चीच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला, अर्ध्यात थांबली, आणि आम्ही बघत नाही असं समजून डोळे मिटले. तेव्हा मी म्हटलं, "मावशी, मी घालीन पाखरांना. रोज येईन."

माझं कॉलेज तिच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर होतं. शेवटचं वर्ष होतं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. सैल गाठी बघायची तसं.

"रोज?"

"रोज."

"रविवारी पण?"

"मावशी, रोज म्हणजे रोज."

त्या शब्दावर तिने होकार दिला. डॉक्टरांमुळे नाही, आईमुळे नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

जायच्या आदल्या दिवशी तिने मला सगळं दाखवलं. बारा वड्या तयार होत्या, बारा दिवसांच्या. त्यानंतर मला नव्या करायच्या होत्या. कपाटात फळ्यांवर डबे होते. "खालच्या फळीवरचा घे," ती म्हणाली. "आणि वितळवायच्या आधी अंगठा दाबून बघ." मी मान डोलावली. डब्यांवर चिठ्ठ्या का नाहीत, असंही विचारलं बहुतेक. ती म्हणाली, "बोट असताना चिठ्ठी कशाला?" माझं अर्धं लक्ष बसच्या वेळेकडे होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पहिले बारा दिवस मीही नीट होते. उजाडताना यायची, वडी टांगायची, शिट्टी वाजवायची नाही, खिडकी हळू लावायची, सगळं तिने सांगितलं होतं तसं. टायवाला यायचा, सुतळीला उलटा लटकायचा, एक डोळा काचेवर ठेवायचा. संध्याकाळी सुतळीला फक्त दोन गाठी उरायच्या. मावशीला इस्पितळात रोज बातमी द्यायची. ती विचारायची, तिसरी पाळी भरली का? मी सांगायची, भरली. ते खरं होतं.

तेराव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी डबा काढला. मला सर्दी झाली होती. दुसऱ्या दिवशी एक निबंध द्यायचा होता. खालच्या फळीवर डबे दाटीने होते आणि वरच्या फळीवर एक पुढेच होता. झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, सपाट, घट्ट. सुरीने ढलपे काढले, पातेल्यात टाकले, वितळायला जरा वेळ लागला. दाणे घातले, ओतलं. अर्ध्या तासात तर ते बसलंही. सकाळी नळकांडं तळव्यात धरायची गरजच पडली नाही, उलटं करून टिचकी मारली आणि वडी सुळकन बाहेर आली. गुळगुळीत. चकचकीत. दाणे आत असे दिसत होते, जणू काचेत बसवलेत. मला वाटलं, मावशीपेक्षा मला छान जमलं.

अंगठा मी दाबला नव्हता. चरबीला वास असतो, मेणाला जवळजवळ नाही, आणि मला त्या आठवड्यात कसलाच वास येत नव्हता. सर्दीचं निमित्त मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे.

बारा वड्या झाल्या होत्या, म्हणून मी एकदम चार टांगल्या. म्हणजे रोज यायला नको. खाडा तर होणार नव्हता, दांडी भरलेलीच राहणार होती. तीन दिवसांनी गेले तेव्हा चारही जशाच्या तशा होत्या. मी थोडा वेळ उभी राहिले. टायवाला आला, लटकला, एक-दोनदा टोच मारली. चोच पुसल्यासारखी सुतळीला घासली आणि गेला. चिमण्या आल्या, बसल्या, भांडल्या, गेल्या. मला वाटलं, थंडी फार आहे, गोठून घट्ट झाल्या असतील. उद्या खातील. त्याच्या पुढच्या वेळी फक्त चिमण्या दिसल्या, समोरच्या तारेवर. त्याच्या पुढच्या वेळी कुणीच नाही.

मावशी तोवर आमच्या घरी आली होती. बैठकीच्या खोलीत खिडकीशी तिचा पलंग लावला होता. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायची आणि आमच्या गल्लीतल्या पाखरांना नावं ठेवायची. "तुमच्याकडची ऐतखाऊ दिसतात. दहा वाजले, अजून अंघोळ नाही." तीन आठवडे झाले तेव्हा ती घरी जायचं म्हणाली. डॉक्टर पाच म्हणाले होते, तीन मजले, लिफ्ट नाही. आई काही ऐकायला तयार नव्हती. दोघींचं चाललं होतं आणि मी आत चहा करत होते, तेवढ्यात मावशीने मला हाक मारली.

"नव्या वड्या कशा झाल्या?"

"मस्त. साच्यातून एका टिचकीत सुटल्या."

ती थांबली. "एका टिचकीत?"

"हो."

"ऊब न देता?"

"थंडी किती आहे ना बाहेर," मी म्हटलं, जणू ते उत्तर होतं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी तिच्या मनात आलं होतं, आता मला माहीत आहे काय ते. मेण निवलं की आक्रसून साचा सोडतं, चरबी नाही. तिला पुढचा एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो तिने विचारला. "पण खातायत ना?"

आई दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. माझ्या उत्तरावर मावशी आणखी दोन आठवडे थांबणार की आजच रिक्षा मागवणार, ते ठरणार होतं. पण मी आईसाठी खोटं बोलले असं म्हणणं म्हणजे पुन्हा निमित्तच. खरं सांगायचं तर मला रोज न गेल्याचं सांगायचं नव्हतं. चार वड्या एकदम टांगल्याचं सांगायचं नव्हतं. "खात नाहीत" एवढं म्हटलं असतं तरी तिला तिथे बसल्या बसल्या कळलं असतं, तिने मला डब्यांपाशी पाठवलं असतं, आणि त्याच संध्याकाळी तिसरी पाळी भरली असती.

"खातायत ना," मी म्हटलं. "सगळं फस्त."

मावशीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग असू दे," ती म्हणाली. "तुझा हात चांगला असेल." आणि आईकडे वळून, "घे, दोन आठवडे आणखी. पण तुझ्या त्या रबरी उशीवर नाही झोपणार."

ते दोन आठवडे त्या हिवाळ्यातले सगळ्यांत वाईट निघाले. नळांतलं पाणी गोठलं. बस बंद पडल्या, पाच दिवस मी कुठेच गेले नाही. मावशीला सांगितलं, दांडी आधीच भरून ठेवली आहे. मावशी खिडकीशी बसून तोंडाची वाफ काचेवर बघायची आणि म्हणायची, "बरं झालं बाई तू आहेस. नाहीतर आज काय झालं असतं त्यांचं."

पाच आठवड्यांनी आम्ही तिला घेऊन गेलो. घड्याळवाले काका मागून चढत होते, पडली तर झेलायला. "तुम्ही कसले झेलताय," ती म्हणाली, "दोघं जाऊ खाली." वर पोचल्यावर कोटही न काढता ती खिडकीशी गेली. दांडीला चारही वड्या टांगलेल्या होत्या. वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या. त्यांचा टकटक असा कोरडा आवाज येत होता.

तिने एक काढून हातात घेतली. अंगठा दाबला. मग नखाने खरवडलं, नखाखाली आलेलं बोटांत चोळलं.

"मेण आहे गं हे," ती म्हणाली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कपाटाची वरची फळी, खालची फळी, सुळकन सुटलेली वडी, हे सगळं एकामागून एक लक्षात यायला जरा वेळ लागला. आई म्हणाली, "अगं, डबे सारखेच आहेत, तिला बिचारीला काय ठाऊक." काका म्हणाले, त्यांनाही कळलं नसतं. मावशी वडी उजेडाकडे धरून बघत होती. दाणे आत दिसत होते, एकही काढलेला नव्हता.

"वात छान मध्ये बसवलीस," ती म्हणाली. तिने हसायचा प्रयत्न केला. मग वडी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "तू म्हणालीस, खातायत."

 तिने थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "चहा टाकते. काका, साखर किती, दोनच ना?"

चूक झाली एवढंच असतं तर तिने मला वर्षभर चिडवलं असतं. पुढच्या प्रत्येक वाढदिवसाला मेणाच्या वड्यांची गोष्ट निघाली असती. तिने एकदाही काढली नाही. त्यावरूनच मला समजलं, तिला काय लागलं ते.

त्याच दुपारी तिने खालच्या फळीवरचा डबा काढून नव्या वड्या ओतल्या. एका हातात काठी, एका हातात पातेलं. मला गाठी मारू दिल्या. दुसऱ्या दिवशीपासून दांडीला वडी होती, पण पाखरं नव्हती. काकांना मी एकदा खाली गाठून विचारलं. ते भिंगातून एक घड्याळ बघत होते, भिंग न काढता म्हणाले, अंगणात चार-पाच पडलेली मिळाली त्या थंडीत. दरवर्षीच मिळतात, ते म्हणाले. एखाददुसरं. मग म्हणाले, "बाईंना सांगू नकोस." मला वाटतं, त्यांनी तिला आधीच सांगितलं होतं.

झाडांना कोंब यायच्या सुमाराला दोन चिमण्या आल्या. मावशीने फोन करून सांगितलं. "दोन आल्यात. युनियनचं काय झालं माहीत नाही, पण सभासद आहेत." मी विचारलं, टायवाला? ती म्हणाली, "तसला एक पलीकडच्या गल्लीत दिसला. सगळे सारखेच दिसतात गं." अकरा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला ते सगळे वेगवेगळे दिसायचे.

पुढचे काही महिने मी तिच्याकडे नेहमीसारखीच जात राहिले, किंवा तसं दाखवत राहिले. डब्यांवर आता चिठ्ठ्या होत्या. मोठ्या अक्षरात, शाईने, कडा सरळ कापून. मी त्या बघितल्या हे तिने बघितलं. "वय झालं," ती म्हणाली. "माझंच बोट आता भरवशाचं नाही." तिचं बोट कसं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते खोटं ती माझ्यासाठी बोलली होती, आणि माझ्यापेक्षा फार चांगलं बोलली होती.

मला तिला सांगायचं होतं की चूक अंगठ्याची नव्हती. डब्याचीही नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलले, आणि तिने माझ्या शब्दावर दोन आठवडे दुसऱ्याच्या खिडकीशी काढले. हे वाक्य मी बसमध्ये जुळवायची. तिच्या दारात पोचेपर्यंत ते पूर्ण व्हायचं. आत गेले की ती काहीतरी हातात द्यायची, सोलायला, पुसायला, धरायला, आणि ते तसंच राहायचं.

पानगळ सुरू झाली तेव्हा तिने पुन्हा चरबी जमवायला सुरुवात केली. खुबा आता ठीक होता. ती जिना एका दमात चढायची आणि काकांना म्हणायची, तुम्हीच करून घ्या एकदा. त्या गुरुवारी मी फोन केला, आणि या वेळी मी आधी बोलायचं ठरवलं होतं.

"मावशी, या वर्षी वड्या करायला मी येऊ?"

पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

"ये की," ती म्हणाली. "रविवारी कढवायची आहे सगळी. खाटकाने या वेळी बरी दिलीये."

"आणि मला तुझ्याशी बोलायचंय. मागच्या वर्षीचं. मी तेव्हा तुला..."

"अगं, रविवारी येतेच आहेस ना. बोल तेव्हा. दिवसभर ढवळत बसायचंय, दुसरं करायचं काय आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. ऐकायची तयारी होती, असं मला वाटलं, आणि मी त्या भरवशावर फोन ठेवायला निघाले.

शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. खिडकी उघडली नाही म्हणून ते वर गेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसावा. चरबी स्वयंपाकघरात पातेल्यात तशीच होती, तुकडे करून, वर ओलं फडकं टाकून.

रविवारी मी आणि आईने ती कढवली. आई म्हणाली, टाकून देऊ, मी नाही म्हटलं. गाळली, डब्यात भरली, खालच्या फळीवर ठेवली. पहिलं दहिवर अजून गोठायचं होतं. त्या दिवशी मला सारखं गुरुवारचं तिचं शेवटचं वाक्य ऐकू येत होतं. मी "ठेवते" म्हटल्यावर, फोन ठेवता ठेवता, तिला आठवलं म्हणून ती म्हणाली होती,

"आणि हे बघ, जेवून ये. माझी सगळी भांडी त्या दिवशी चरबीत असणार."